चित्रमय पुस्तक आणि बालकाचा डोळा

(कन्हेरी, तालुका बारामती, येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)

लहान मुलांस विज्ञानाची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा एकच मिळते : चांगली चित्रमय पुस्तके आणावीत. उत्तर बरोबर आहे. परंतु ते अर्धेच आहे. पुस्तक आणले, मुलांच्या हाती दिले, एवढ्याने विज्ञान शिकविले असे होत नाही. चित्र पाहून मुलाचा डोळा अधिक सावध झाला, की तो चित्रातच अडकून राहिला, यावर त्या पुस्तकाचे यशापयश ठरते.

खेड्यातील शाळेत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. खेड्यातील मूल शाळेत येते तेव्हा त्याने पुष्कळ पाहिलेले असते. गाय विताना त्याने पाहिलेली असते. मुंग्यांनी अंडी हलविली की पाऊस येतो, असे त्याने ऐकलेले असते. कोणते गवत शेळी खाते आणि कोणते टाकते, हे त्यास ठाऊक असते. या मुलापुढे जेव्हा पुस्तक उघडते, तेव्हा चित्रातील वस्तू आणि त्याने पाहिलेली वस्तू यांचा मेळ कधी बसतो, कधी बसत नाही. बसला नाही, तर ते मूल कोणावर विश्वास ठेवते? बहुतेक वेळी पुस्तकावर. कारण पुस्तक छापील असते, गुरुजींच्या हातात असते, आणि परीक्षेत त्यातलेच विचारले जाते. ज्या दिवशी मूल स्वतःच्या डोळ्यापेक्षा छापील कागद मोठा मानू लागते, त्या दिवशी त्याचे विज्ञानाचे शिक्षण आरंभापूर्वीच संपते.

म्हणून चित्रमय पुस्तकाचा विचार करताना, ते सुंदर आहे काय, एवढेच पाहून भागत नाही. पुस्तक आणि डोळा यांत मतभेद झाला तर शिक्षक काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

ऊस कशापासून उगवतो?

एक साधे उदाहरण घ्यावे. बालवर्गाच्या पुष्कळ पुस्तकांत रोपाच्या जन्माचे चित्र असते. एक बी, तिला फुटलेला मोड, मग दोन दले, मग पाने. खाली एक वाक्य असते : बीपासून रोप होते. शहरातील मूल हे वाक्य मुकाट्याने पाठ करते. पण बारामती-इंदापूर भागात नीरेच्या कालव्याखाली वाढलेल्या मुलाने उसाची लागण पाहिलेली असते. तेथे बी पेरीत नाहीत. बेणे आणतात, उसाची टिपरी करतात, ती सरीत दाबतात, आणि टिपऱ्यावरील डोळा फुटून ऊस उगवतो. अशा मुलाने वर्गात उभे राहून म्हटले, “उसाला बी नसते,” तर त्यास काय सांगावे?

“पुस्तकात काय लिहिले आहे ते सांग,” असे म्हणणे सर्वांत सोपे. त्याने वर्गात शांतता राहते आणि मुलाचे पाहणे बंद होते. “तुझेच खरे, पुस्तक चूक,” असे म्हणणेही पुरेसे नाही. योग्य मार्ग असा की, एक टिपरे आणि मूठभर हरभरे वर्गात आणावेत. दोन डब्यांत माती घालून दोन्ही लावावीत आणि माती ओली ठेवावी. हरभरा काही दिवसांतच वर येईल. उसाचा डोळा त्याहून सावकाश फुटेल. फुटल्यावर एक-एक अलगद काढून मुलांस दाखवावे, आणि मूळ कोठून निघाले, कोंब कोठून निघाला, याचे चित्र त्यांनाच काढावयास सांगावे.

येथे थांबले तरी पाठ चांगला झाला. पण जिज्ञासू मुलासाठी पुढची पायरीही आहे. उसाला तुरा येतो, आणि त्या तुऱ्यात अतिशय बारीक बी धरू शकते. शेतकरी ते पेरीत नाही, कारण बीपासून निघालेली रोपे एकमेकांसारखी नसतात. टिपऱ्यापासून आलेला ऊस मात्र मूळ उसाच्याच गुणांचा निघतो. नवी जात काढू पाहणाऱ्या संशोधकास वेगळेपणच हवे असते, म्हणून तो बीचा आश्रय घेतो. कोइमतूर येथे १९१२ साली स्थापन झालेल्या ऊस-पैदास संस्थेचे कार्य यावरच उभे आहे, आणि नीरा नदीच्या खोऱ्यात पाडेगाव येथे १९३२ पासून चालत आलेल्या ऊस संशोधन केंद्रानेही शेतकऱ्यांस उसाच्या नव्या जाती दिल्या आहेत. म्हणजे मुलाचे पाहणे खरे होते, आणि पुस्तकाचे वाक्यही अगदीच खोटे नव्हते. ते अपुरे होते. ‘पुष्कळ रोपे बीपासून होतात, काही खोडापासूनही होतात,’ अशी दुरुस्ती मुलांनी स्वतः करून पुस्तकात चिठ्ठी लावून ठेवली, तर त्या पुस्तकाची किंमत वाढली असे समजावे. मग हळद, आले, केळ, बटाटा यांची नावे मुलेच सांगू लागतात.

चित्राचे कार्य

चित्रमय शालेय पुस्तकाची परंपरा जुनी आहे. मोराव्हियाचा शिक्षणतज्ज्ञ योहान आमोस कोमेनिअस याने १६५८ साली न्यूरेम्बर्ग येथे बालकांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुमारे दीडशे चित्रे होती, आणि लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांत मजकूर होता. चित्रातील प्रत्येक भागास अंक दिलेला असे, आणि तोच अंक मजकुरातील शब्दास. वस्तू प्रथम इंद्रियांस कळावी, मग तिचे नाव कळावे, हा त्यामागील विचार होता.

महाराष्ट्रातही हा विचार परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीची मूलतत्त्वे आणि आरोग्य यांचे शिक्षण असावे, अशी मागणी केली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि त्यांनी व अनुताई वाघ यांनी तेथे व पुढे कोसबाड येथे महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे अशी गावातलीच साधने आणली. गुरे राखणाऱ्या मुलांस शाळेत येता येत नाही, तर शाळेने कुरणात जावे, या कल्पनेतून त्यांची कुरणशाळा निघाली. बारामती आणि इंदापूरच्या माळरानांवर मेंढरांमागे हिंडणाऱ्या मुलांचा विचार करणाऱ्या शिक्षकास हा वारसा जवळचा वाटावा.

वस्तू जवळ असताना चित्राची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे. चित्र पाच ठिकाणी डोळ्यास साहाय्य करते. जे फार लहान आहे, ते चित्र मोठे करून दाखविते. जे फार सावकाश घडते, ते चार चित्रांत एकत्र आणते. जे झाकलेले आहे, जसे जमिनीखालील मूळ, ते उघडे करते. जे दूर आहे, जसे चंद्रावरील खळगे, ते जवळ आणते. आणि जे धोक्याचे आहे, ते निर्धोकपणे पाहू देते.

या शेवटच्या गोष्टीकडे शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या विषारी सापांची, तसेच बिनविषारी धामणीची मोठी व अचूक चित्रे प्रत्येक शाळेत असावीत. घोणशीच्या अंगावरील साखळीसारखे ठिपके आणि मण्यारीच्या काळ्या अंगावरील बारीक पांढरे पट्टे चित्रावरून नीट दाखविता येतात. धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, हा समज खोटा आहे, आणि ती उंदीर खाऊन शेतकऱ्याचे हितच करते, हेही चित्राच्या आधारे सांगता येते. पण येथे ‘चला, प्रत्यक्ष पाहू’ हा नियम लागू नाही. साप दिसला तर दूर उभे राहावे आणि मोठ्या माणसास हाक मारावी. दंश झाला तर चिरा न देता, आवळून न बांधता, मंत्रतंत्रात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. हे त्या चित्राखाली ठळक लिहून ठेवावे.

रुईवरील अळी

आता पुस्तक आणि वस्तू एकमेकांशेजारी ठेवून पाठ कसा घ्यावा, ते पाहू. एरिक कार्ल या चित्रकाराचे खादाड सुरवंटाचे पुस्तक १९६९ साली निघाले आणि जगातील अनेक भाषांत गेले. त्यातील सुरवंट फळांपासून केकपर्यंत सर्व काही खात सुटतो, कोषात जातो आणि फुलपाखरू होऊन बाहेर येतो. पानांना पाडलेली भोके, रंग, वारांची नावे यांमुळे मुले त्यावर लुब्ध होतात. गोष्ट म्हणून ते सुरेख आहे. पण त्यातील किती भाग गोष्ट आणि किती भाग विज्ञान, हे निवडण्याचे काम वर्गात करता येते, आणि त्यासाठी लागणारी वस्तू कन्हेरीच्या वाटेवरच उभी आहे.

कन्हेरीचा मारुती या भागात प्रसिद्ध आहे. शनिवारी मारुतीस रुईच्या पानांची माळ वाहण्याची रीत असल्यामुळे रुईचे पान न ओळखणारे मूल येथे विरळाच. त्याच रुईच्या पानाखाली बिबळ्या कडवा नावाचे फुलपाखरू एकेक अंडे घालते. त्यातून निघालेल्या अळीच्या अंगावर काळे, पांढरे व पिवळे पट्टे असतात आणि पाठीवर काळ्या धाग्यांसारख्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. ती रुईची पाने खाऊन वाढते, अनेकदा कात टाकते, मग पानास किंवा काडीस उलटी लटकते आणि तिचा हिरवा किंवा गुलाबी कोष बनतो. काही दिवसांनी नारिंगी पंखांचे फुलपाखरू बाहेर येते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत ऋतुमानाप्रमाणे साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

शिक्षकाने अळीसह एक फांदी पाण्याच्या बाटलीत लावून जाळीदार कापडाने झाकावी. पाने शिक्षकाने स्वतः तोडावीत. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास अपाय होतो, म्हणून मुलांनी त्यास हात लावू नये आणि शिक्षकाने हात स्वच्छ धुवावेत. रोज एक मुलगा किंवा मुलगी अळी मापून दिनांकासह लिहील. एके दिवशी रुईच्या पानाशेजारी कडुलिंबाचे आणि पेरूचे पान ठेवून पाहावे. अळी कोणते खाते? ती रुईकडेच जाते, हे पाहिल्यावर केक खाणारा सुरवंट ही गंमत होती, हे कोणी सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पतंगांच्या पुष्कळ जाती रेशमी धाग्यांचे आवरण विणून त्यात राहतात; फुलपाखरांच्या कोषाभोवती बहुधा असे विणलेले घर नसते, अळीची शेवटची कातडी गळून पडली की आतूनच कोष दिसू लागतो. मराठीत दोहोंस कोष असाच शब्द वापरतात, म्हणून घोटाळा सहज होतो. कार्ल यांच्या पुस्तकातही फुलपाखरू विणलेल्या घरातूनच निघते. जगप्रसिद्ध पुस्तकात न सापडलेली गोष्ट आपल्या बाटलीत सापडली, हा अनुभव ज्या मुलास मिळाला त्यास विज्ञान म्हणजे काय, हे व्याख्येवाचून कळले.

पावसाचे चित्र

परक्या चित्रांचा दुसरा दोष असा की, ती परक्या हवापाण्याची असतात. जलचक्राचे चित्र घ्यावे. समुद्र, त्यावरून उठणारी वाफ, बर्फाच्छादित शिखर, आणि शिखरावरून धावणारी नदी. बारामतीच्या मुलाने यातले काहीच पाहिलेले नसते. त्याने पाहिलेले असते ते वेगळेच : आषाढात आभाळ भरून येते, ढग डोक्यावरून पूर्वेस जातात, आणि पाऊस पडत नाही. त्याच वेळी कालव्याला मात्र पाणी असते. हे पाणी आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर देणारे चित्र शिक्षकाने फळ्यावर स्वतः काढावे. डावीकडे समुद्र, मध्ये सह्याद्रीची उभी भिंत, उजवीकडे बारामतीचा माळ. समुद्रावरून येणारी वाफाळलेली हवा घाट चढताना थंड होते आणि तेथेच बहुतेक पाऊस टाकते. घाट उतरलेली हवा कोरडी असते. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवरील बारामतीस तो पाचशेच्या आसपास. परंतु घाटाच्या आश्रयाने पडलेले पाणी भाटघर, वीर या धरणांत साठते आणि नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापुरास येते. ढगाने जे दिले नाही ते कालव्याने आणले. हे एक चित्र समजले तर मुलास भूगोल, हवामान आणि पाण्याची काटकसर या तिन्ही गोष्टींचे मूळ सापडते.

पुस्तकाची निवड

आज पुस्तकांचा दुष्काळ नाही. १९५७ साली स्थापन झालेला राष्ट्रीय पुस्तक न्यास, १९७१ पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’ मासिक, मध्य प्रदेशातील एकलव्य ही संस्था, अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून रचलेल्या प्रयोगांची पुस्तके, यांतून पुष्कळ साहित्य मिळते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ पासून स्टोरीवीव्हर या नावाने मराठीसह अनेक भाषांतील सचित्र पुस्तके विनामूल्य खुली केली आहेत. ती पडद्यावर दाखविता येतात आणि छापूनही घेता येतात.

निवड करताना शिक्षकाने पुढील गोष्टी पाहाव्यात. पहिली, एका पानावर एकच मुख्य गोष्ट आहे काय? गर्दीच्या चित्रात लहान मुलाचा डोळा हरवतो. दुसरी, आकाराचे प्रमाण कळते काय? एकाच पानावर मुंगी आणि हत्ती सारखेच मोठे असतील, तर ‘खरी मुंगी केवढी?’ हे विचारून मोहरीचा दाणा किंवा बोटाचे पेर यांशी तुलना करावी. तिसरी, अवयवांची संख्या व जागा बरोबर आहे काय? मुंगीस सहा पाय असतात आणि ते शरीराच्या मधल्या भागासच जोडलेले असतात. चित्रकार पुष्कळदा ते पोटास चिकटवितो. चौथी, प्राण्यांस कपडे घालून बोलावयास लावले असेल, तर ती गोष्ट म्हणून वाचावी, माहिती म्हणून नव्हे. आणि पाचवी व सर्वांत महत्त्वाची : पुस्तक मिटल्यावर मुलास काही पाहावेसे, मोजावेसे, विचारावेसे वाटते काय?

एखाद्या पुस्तकात चूक आढळली म्हणून ते फेकून देऊ नये. चूक शोधण्याचा पाठही मोलाचा असतो.

शाळेने केलेले पुस्तक

तथापि कितीही पुस्तके विकत आणली, तरी एक पुस्तक विकत मिळणार नाही. ते म्हणजे स्वतःच्या गावाचे. ते शाळेनेच करावयाचे आहे. मोठा कागद तीनदा दुमडून मधोमध शिवला व कडा कापल्या की सोळा पानांची पुस्तिका होते. प्रत्येक पानावर एक चित्र आणि एकच वाक्य असावे. वाक्य मुलाच्या शब्दांत असावे. कोपऱ्यात कोणी पाहिले, कोठे पाहिले व केव्हा पाहिले, हे लिहावे. एवढ्या तीन नोंदींनी चित्रास पुराव्याचे मोल येते.

विषयांस तोटा नाही. उसाचा डोळा, रुईवरील अळी, कुसळी गवताचे पीळ घेणारे कुसळ, कालव्याच्या पाण्याची पातळी, उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालणारी टिटवी. टिटवी पाय वर करून झोपते आणि आभाळ पडू नये म्हणून ते तोलून धरते, असे म्हणतात. मुलाने हे सांगितले तर हसू नये. ‘असे झोपलेली टिटवी कोणी पाहिली?’ एवढेच विचारावे, आणि अंड्यांजवळ न जाता दुरून पाहून येण्यास सांगावे. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारा किंवा भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर येणारे रोहित पक्षी यांची एखादी सहल झाली, तर तिचीही अशीच पुस्तिका व्हावी.

मुलाने काढलेले चित्र शिक्षकाने स्वतः सुधारू नये. मुंगीस आठ पाय काढले असतील तर भिंग देऊन मुलास पुन्हा मुंगीकडे पाठवावे. दुसऱ्या चित्रात सहा पाय आले, म्हणजे ती सुधारणा त्याची स्वतःची झाली. दोन्ही चित्रे पुस्तिकेत शेजारी-शेजारी लावावीत.

या कामाचा आणखी एक लाभ आहे, आणि तो कदाचित सर्वांत मोठा आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले दूरच्या जिल्ह्यांतून या भागातील शाळांत येतात. मेंढपाळांची मुले काही महिने वर्गात असतात, काही महिने नसतात. वाचनात ही मुले मागे राहतात, आणि मागे बसतात. पण कोणत्या गवतावर मेंढरू जाते, लांडग्याचा माग कुत्र्याच्या मागाहून वेगळा कसा ओळखावा, कोणत्या उसाला तुरा लवकर येतो, हे या मुलांस वर्गातील इतरांपेक्षा अधिक माहीत असते. शब्द थोडे आणि चित्र मोठे, असे पुस्तक करावयास बसले की ही मुले पुढे येतात. एरवी ज्या ज्ञानाला शाळेत गुण नसतात, ते ज्ञान प्रथमच कागदावर उतरते आणि इतर मुले ते वाचतात. एवढ्या एका गोष्टीने पुष्कळदा गळू पाहणारे मूल शाळेत टिकते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, या कामास मोठा निधी लागत नाही. कागद, पेन्सिली, एक भिंग, एक मोजपट्टी, आणि आठवड्यातून एक तास वर्गाबाहेर जाण्याची तयारी असली की पुरे. प्रत्येक शाळेने वर्षाकाठी अशा दोन पुस्तिका कराव्यात, आणि केंद्रातील शाळांनी त्या एकमेकींस वाचावयास द्याव्यात. ग्रंथालयाच्या फळीवर विकत आणलेल्या सचित्र पुस्तकांशेजारीच त्यांस जागा असावी. तेथे उभे राहून मूल दोन्ही पुस्तके उघडील, त्यांतील चित्रे ताडून पाहील, आणि कोणते खरे हे ठरविण्यासाठी माळावर जाईल. प्राथमिक शाळेतील विज्ञानाचे शिक्षण याहून अधिक काही मागत नाही.